धरलेली खाट

"हंचनाळेवहिनी, गेल्या वर्षीही गुडघाच होता की," डॉक्टर इनामदार म्हणाल्या.

"तो उजवा होता. हा डावा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि त्याच्या आधी काय होतं?"

"त्याच्या आधी आमच्या मामेसासऱ्यांचा मूतखडा."

"बरं. हा डावा गुडघा कोणाचा?"

"ह्यांच्या आत्यांचा. गौराक्काआत्तींचा."

"आणि तुमच्या गर्भाशयातल्या गाठी कोणाच्या?"

यावर मी हसले. उत्तर नसलं की हसायचं, ही माझी जुनी खोड. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रिपोर्टचा कागद माझ्यापुढे सरकवला. "रक्त सात आहे तुमचं. बारा पाहिजे. जिना चढताना धाप लागते का?"

"आमच्या घराला जिनाच नाही."

"बुधवारी दाखल व्हायचं. आधी दोन बाटल्या रक्त चढवायचं, मग शुक्रवारी ऑपरेशन, आणि नंतर सहा आठवडे विश्रांती. विश्रांती म्हणजे काय, ते माहीत आहे ना?"

"न माहीत असायला काय झालं? पुष्कळांना दिली आहे मी."

त्यांनी दाखल होण्याची चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात नुसती न देता माझी पर्स उघडून आत ठेवली. नऊ वर्षं झाली याला. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते आणि आपण मरायला टेकलो आहोत हे सांगायलासुद्धा मला सवड नव्हती.

आमचं घर मिरजेत. स्टँडपासून चालत दहा मिनिटं आणि तीन दवाखान्यांपासून पाच. लग्न ठरताना मध्यस्थांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "मुलाचं घर अगदी सोयीचं आहे." कोणाच्या सोयीचं, ते विचारायचं वडिलांना सुचलं नाही. सासरचा गोतावळा जतकडचा, कोरडवाहू, काटक आणि दवाखान्याची पायरी चढायची तर मिरजेतलीच चढणारा. जो येईल तो पायरीआधी आमचा उंबरा चढायचा. बायका सासरच्यांना नात्यानं ओळखतात. मी अवयवानं ओळखत असे. पाहुणा फाटकातून आत आला की मी त्याच्या तोंडाकडे नाही, तो कुठल्या पायावर भार देतो आहे तिकडे बघायची आणि त्यावरून पथ्याचा स्वयंपाक ठरवायची.

आमचे हे, महालिंग हंचनाळे, पाटबंधारे खात्यात होते. माणूस लाखात एक. कोणाला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. "घर आपलंच आहे, या की!" हे वाक्य त्यांनी आयुष्यात जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर देव उंबऱ्यात येऊन उभा राहिला असता. अर्थात देवालाही जेवायला मीच वाढलं असतं. पाहुणचारातली जीभ ह्यांची आणि हात माझे, अशी आमच्या संसारात वाटणी होती.

आणखी एक काम माझ्याकडे होतं, खाट धरायचं. आम्ही ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात पेशंट नेत असू, तिथे बायकांच्या वॉर्डात खाटा मोजक्या. आज आहे म्हणाले तरी उद्या मिळेलच असं नाही. म्हणून पेशंट गावाहून यायच्या आदल्या दिवशी मी जाऊन कागद करायची, खाटेवर आपली चादर अंथरायची, थर्मास आणि पेला कपाटावर ठेवायची आणि पेशंट येईपर्यंत तिथेच बसून राहायची. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. आमच्या घराण्यात रुमालाच्या जागी मी होते. नर्सा मला ओळखायच्या. नवी नर्स आली की जुनी तिला सांगायची, "त्या पेशंट नाहीत गं. त्या हंचनाळेकाकू. नुसत्या बसतात."

आमची मुलगी अक्षता, एका लहान मुलीची आई, पुण्यात नोकरीला होती. तिच्या कंपनीत मनःस्वास्थ्याचं शिबिर झालं आणि तेव्हापासून ती फोनवर माझ्या मनःस्वास्थ्यामागे हात धुऊन लागली. "आई, तू बाऊंडरी सेट कर. लोकांना नाही म्हणायला शीक." तिनं एका बाईचा व्हिडिओ पाठवला. पांढऱ्या भिंतीपुढे बसलेली ती बाई सांगत होती, की रोज सकाळी आरशापुढे उभं राहून दहा वेळा ठामपणे 'नाही' म्हणा.

मी म्हणून पाहिलं. आरशाला नाही म्हणणं काही अवघड गेलं नाही, कारण आरसा कधी जेवायला मागत नाही. आठवडाभर सराव करून मी पहिला प्रयोग दारावरच्या भाजीवालीवर केला. "मेथी घ्या ताई." "नाही," मी ठामपणे म्हटलं. तिचं तोंड एवढंसं झालं. मग मी दोन जुड्या घेतल्या आणि तिला चहाही दिला.

तर ती चिठ्ठी घेऊन मी घरी आले. संध्याकाळी हे पेपर वाचत बसले होते. मी समोर बसून सांगितलं, की बुधवारी दाखल व्हायचंय, ऑपरेशन करावं लागणार, पिशवीच काढणार आहेत.

ह्यांनी पेपर खाली घेतला. चेहरा उतरला होता, ते मी पाहिलं. खोटं कशाला बोलू? "कॅन्सरबिन्सर तर नाही ना?"

"नाही म्हणाल्या. गाठी आहेत साध्या."

"मग झालं तर!" ह्यांचा जीव भांड्यात पडला आणि पेपर पुन्हा वर गेला.

"पण अंगात रक्तच नाही म्हणतात. सातवर आलंय..."

तेवढ्यात फोन वाजला. जतकडचा होता. हे उठून खिडकीपाशी गेले. "बोल आत्ती! ...डाव्याचं ठरलं का? ...गुरुवारी? ये की! घर आपलंच आहे. ...छे छे, शालनला कसला त्रास? ती बुधवारीच जाऊन खाट धरून ठेवेल."

फोन ठेवून हे वळले. त्यांना माझा बुधवार आठवला असावा, कारण ते जरा घुटमळले. मग जवळ येऊन अगदी प्रेमानं म्हणाले, "आत्तीचं वय झालंय, शालन. लहानपणी तिनं मला कडेवर खेळवलंय. तुझं पुढच्या महिन्यात निवांत करू. गाठी काय, कुठं पळून चालल्यात?"

मी "बरं" म्हणाले. आरशापुढची आठ दिवसांची मेहनत अशी एका शब्दात पाण्यात गेली. स्वयंपाकघरात जाऊन मी कणीक मळायला घेतली आणि मला रडू आलं. रडण्याचं कारण हे नव्हते, आत्तीही नव्हत्या. ते 'बरं' माझ्या तोंडातून किती सहज निघालं, त्याचाच मला संताप आला होता.

बुधवारी सकाळी आत्तींचे जुने रिपोर्ट, चादर, थर्मास, पेला असं सगळं पिशवीत भरून मी दवाखान्यात गेले. फाटकापासून काउंटरपर्यंत पोहोचेतो दोनदा भिंतीला धरून उभी राहिले. काउंटरवर एक मुलगी बसायची, ती माझ्या माहितीची होती.

"काकू, वेळेवर आलात. बायकांकडे एकच खाट उरलीय. पेशंटचं नाव?"

मी तोंड उघडलं ते 'गौराक्का' म्हणायला. खरं सांगते, आजही मला कळत नाही काय झालं. डोळ्यांपुढे अंधारी आली होती, काउंटरचा कठडा घट्ट धरला होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "शालन महालिंग हंचनाळे."

"काकू, तुमचं नाव नाही, पेशंटचं सांगा."

"पेशंटचंच सांगतेय."

तिनं मान वर केली. मी पर्समधून डॉक्टरांची चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली. मंडईतून येताना तिथेच खुपसलेल्या कोथिंबिरीनं ती ओली झाली होती, पण अक्षर लागत होतं. मुलीनं ती वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, मग जरा हळू आवाजात विचारलं, "सोबत कोण आहे?"

"सोबतीला नेहमी मीच असते," मी म्हटलं. "या खेपेला कोणी नाही असं लिही."

खाटेवर मी माझी चादर अंथरली, कपाटावर थर्मास ठेवला आणि प्रथमच त्या खाटेवर पाय वर घेऊन आडवी झाले. जुन्या नर्सनं विचारलं, "काकू, बरं नाही का?" मी नाही म्हटलं. बघा, कसं सहज जमलं!

दुपारी ह्यांना फोन केला. मी ठरवलं होतं, की खोटं बोलायचं नाही आणि विचारल्याशिवाय सांगायचंही नाही.

"खाट मिळाली," मी म्हणाले.

"वा! आत्तीला कळवतो."

"मी इथंच थांबतेय. रात्रीही."

"हो हो, थांब. नाहीतर कोणीतरी बळकावायचा. मी खानावळीत जेवेन, माझी काळजी करू नकोस."

मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. त्यांनी फक्त 'तू कशी आहेस' एवढं विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, कदाचित उठून खाटही दिली असती. पण त्यांनी विचारलं नाही, आणि ते किती बरं झालं, असं आज वाटतं.

गुरुवारी बाराच्या सुमारास आत्ती आल्या. मी दवाखान्याचा हिरवा झगा घातला होता, डोक्याशी रक्ताची बाटली टांगलेली होती आणि नळी माझ्या हातात शिरलेली होती. दारातून आधी काठी आली, मग आत्ती, मग त्यांचं गाठोडं घेतलेले हे. आत्तींनी वॉर्डभर नजर फिरवली, मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलून आला.

"बगितलंस म्हालिंगा?" त्या सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "जागा धरावी तर शालननं! कुणी हटकू ने म्हणून झगा सुदीक घालून बसलीया!"

आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. आत्ती खाटेपाशी आल्या, काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाल्या, "ऊठ बाई आता. मी आलो. दमली असशील."

"आत्ती, मला रक्त लावलंय."

"व्हय, दिसालंय की. काढ म्हणावं आता. खाटंसाठी एवढं कुणी करतंय व्हय?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांची नजर बाटलीवरून नळीवर, नळीवरून माझ्या हातावर आली होती. गाठोडं अजून त्यांच्या खांद्यावरच होतं.

"आत्ती," मी म्हणाले, "ही खाट मी माझ्यासाठी धरलीय. उद्या माझं ऑपरेशन आहे."

"आनि माजं?"

"तुमचं सोमवारी करतील. मी डॉक्टरांना विचारलंय. खाट सोमवारी रिकामी होते."

"मग सोमवारपत्तर मी ऱ्हाऊ कुटं?"

"आपल्या घरी. किल्ली ह्यांच्याकडं आहे. तांदूळ, डाळ सगळं डब्यात आहे."

"आनि रांदनार कोन?"

"ज्यांनी बोलावलं ते."

वॉर्डात एक बाई खुदकन हसली. आत्ती आधार सुटल्यासारख्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. ह्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि माझ्याजवळ वाकून कुजबुजले, "अगं, चारचौघांत काय हे? पुढच्या महिन्यात करायचं ठरलं होतं ना आपलं?"

तेवढ्यात डॉक्टर इनामदार आल्या. त्यांच्या हातात संमतीचा कागद होता. दवाखान्याला नातेवाइकाचीही सही लागायची. ह्यांनी तो कागद घेतला, चष्मा लावला, वाचला आणि डॉक्टरांना म्हणाले, "मॅडम, हे महिनाभर पुढं नेलं तर? घरात जरा अडचण आहे. आत्तीचा गुडघा..."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, उत्तर मीच द्यावं अशी त्यांची इच्छा होती.

"नाही," मी म्हणाले.

आवाज बारीक आला, ठाम वगैरे मुळीच नव्हता. त्या व्हिडिओतल्या बाईनं मला नापास केलं असतं. पण मी ते परत घेतलं नाही. मेथीच्या जुड्याही घेतल्या नाहीत.

"हंचनाळेसाहेब," डॉक्टर म्हणाल्या, "यांचं रक्त सात होतं. काल आल्या तेव्हा सहावर आलं होतं. आणखी महिनाभर या तुमच्या पाहुण्यांचे डबे पोचवत फिरल्या असत्या, तर एखाद्या दिवशी रस्त्यातच कोसळल्या असत्या."

ह्यांनी चष्मा काढला. "मला कधी बोलली नाही ही."

"बोलले होते," मी म्हणाले. "तुम्ही फोनवर होतात."

तीस वर्षं कालव्याच्या कागदांवर डोळे मिटून सह्या करणारा माणूस त्या दिवशी मला विचारत होता, "कुठं करू?" मी बोट ठेवून जागा दाखवली. मला त्यांची दया आली, आणि दया येऊनही मी खाटेवरून उठले नाही.

ऑपरेशन नीट झालं. ह्यांनी तीन दिवस माझ्या सोबतीला बसून काढले. थर्मासचं झाकण उलटं फिरवतात की सुलटं, हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. घरी आत्तींसाठी पहिल्या दिवशी ह्यांनी भात केला, दुसऱ्या दिवशी खानावळीचा डबा लावला. आत्तींचा गुडघा सोमवारी झाला आणि मंगळवारी त्यांनी गावाहून आपल्या सुनेला बोलावून घेतलं. म्हणजे ती सून होती, आणि रिकामीही होती, हा शोध तेव्हा लागला. अक्षतानं फोनवर माझं तोंडभर कौतुक केलं. "आई, आय ॲम सो प्राऊड! अशीच बाऊंडरी ठेव." आणि मग जरा थांबून म्हणाली, "पण मे महिन्यात तू येतेयस ना? पाळणाघराला सुटी आहे."

"तुझ्या बाऊंडरीत मुलीला सूट असते का गं?" मी विचारलं. ती हसली नाही. मे महिन्यात मी गेले नाही आणि नातीनं ते माझ्यापेक्षा लवकर पचवलं.

नवल पुढेच आहे. सहा आठवडे झाले, सहा महिने झाले, तरी जतकडून एक फोन नाही. गोतावळ्यातल्या साऱ्या मूतखड्यांनी आणि मोतीबिंदूंनी जणू एकाएकी अंग काढून घेतलं होतं. आधी मला हायसं वाटलं. मग वाटलं, रागावले असतील. आणि रागावले असतील म्हणून, सांगायला लाज वाटते, मी दोनदा फोन उचलून ठेवला. तीस वर्षांची सवय अशी पिशवीबरोबर निघून जात नाही.

दिवाळीत आत्तींचा फोन आला. आवाज अगदी मऊ, लहान मुलाशी बोलावं तसा.

"शालन, बाई, डोस्कं कसं हाय आता?"

"डोकं? डोक्याला काय झालंय?"

"असू दे, असू दे. तू नगं तरास करून घिऊ. म्हालिंगाला दे."

मी फोन दिला नाही. "आत्ती, थोड्या वेळानं करते," म्हणून ठेवला आणि ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. हे करंजी खात होते. मी विचारलं तशी करंजी हातातच राहिली.

"काय सांगितलंत तुम्ही गावाला?"

हे खाली बघत म्हणाले, "सगळे विचारायला लागले, शालन अशी कशी वागली म्हणून. मी काय सांगणार? म्हटलं, अंगातलं रक्त कमी झालं, त्याचा डोक्यावर जरा परिणाम झालाय. डॉक्टरांनी सांगितलंय, हिला माणसांचा त्रास द्यायचा नाही."

म्हणजे बायकोनं नाही म्हटलं, हे सांगायला ह्यांना लाज वाटली होती. बायकोला वेड लागलं, हे सांगायला नाही. आणि साऱ्या गोतावळ्याला ते लगेच पटलंही होतं. तीस वर्षं मी मान मोडून राबले तेव्हा मी शहाणी होते. एक दिवस आपल्या खाटेवर पडून राहिले आणि वेडी ठरले.

माझा संताप ह्यांच्या लक्षात आला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "चुकलं माझं. आता फोन करून सगळ्यांना खरं काय ते सांगतो. तू धडधाकट आहेस म्हणतो."

त्यांनी फोन हातात घेतलासुद्धा. मी आमच्या अंगणात पाहिलं. ऊन पडलं होतं, दोरीवर फक्त आम्हा दोघांचेच कपडे होते, आणि साडेअकरा वाजले तरी मला कुठेही जायचं नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले आणि फोन त्यांच्या हातून घेऊन आत्तींना लावला.

"आत्ती, मघाशी कळलं नाही मला. डोक्याचं विचारत होतात ना? तसंच आहे अजून."

"अगं बाई! औशिदानं गुन न्हाई?"

"थोडा आहे. पण डॉक्टर म्हणतात, पूर्ण बरं व्हायचं नाही हे. आता कायम जपावं लागणार."

पलीकडे आत्ती हळहळल्या. मग एक मोठा सुस्कारा टाकून म्हणाल्या, "मग जप बाई. सोताला जप."

सासरच्या माणसानं मला असं म्हणायची ती पहिलीच वेळ होती.